मदत हवी आहे: घरच्या पर्जन्यमापकाच्या वायरीत पाणी जातंय

नमस्कार मंडळी, रत्नागिरीजवळ घर आहे, मे महिन्यात लेकीने आणि मी मिळून गच्चीवर ईएसपी३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड) लावून पर्जन्यमापक बसवला, झुलत्या वाटीवाला. वाटी कलंडली की चुंबक रीड स्विचसमोरून (चुंबक जवळ आलं की जुळणारा स्विच) जातं आणि एक ठोका मोजला जातो, ०.३ मिमीचा. जून अर्धा होईपर्यंत झकास चाललं, शेजारचे काका रोज सकाळी आकडा विचारायला यायचे. मग दोन दिवस झड लागली, तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन आणि मोबाईलवर ४२ मिमी पाऊस! म्हणजे १४० ठोके, वाटी जागची हललेली नसताना. काका अजून हसतायत.

खोलून बघितलं तर जोडावरच्या काळ्या टेपचा गोंद पाघळलेला, आत पाणी, तारा हिरव्या. इंचभर मागे सोलत गेलो तरी तार काळीच. डबा आयपी६५ (धूळ-पाण्याच्या फवाऱ्याला दाद न देणारा) आहे, वायर वरून ग्लँडमधून (वायरीभोवती आवळायची बूच) आत घेतलीय, भोवती सिलिकॉन फासलंय (आंबट वासवालं, घरात पडलं होतं), तरी झाकणाला आतून घाम. आता सगळ्यावर एम-सील थापू का?

प्रतिसाद:
थापू नका, नंतर काही बदलायचं तर छिन्नी लागेल. रीड स्विच काचेत बंद असतो, गोची जोडाची आहे. ओल्या जोडातून करंट गळतो आणि ईएसपीचा आतला पुलअप (पिन ३.३ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) साधारण ४५ किलोओहमचा, म्हणजे अगदीच मवाळ, मग खोटे ठोके पडणारच. बाहेरून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर त्या पिनपासून ३.३ व्होल्टला लावा. काळी पडलेली वायर कापून फेका, पाणी तारांच्या मधून वातीसारखं चढतं. नवा जोड सोल्डर करा, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आकसणारी नळी), तापवल्यावर कडेने गोंद डोकावला की समजा बसली. ग्लँड खालच्या बाजूला घ्या आणि वायरीला आधी खाली झोळ द्या, पाणी पागोळीसारखं तिथूनच गळून जाईल. ते आंबट सिलिकॉन खरवडून काढा, त्यातलं ॲसिड तांबं खातं, दुकानात न्यूट्रल क्युअर (आंबट वास नसलेलं) सिलिकॉन मागा. आणि डब्याच्या तळाला ३ मिमीचं भोक पाडा.

मूळ धागाकर्ता:
बाकी सगळं पटलं, पण भोक?? आधीच पाणी शिरतंय म्हणून रडतोय मी.

प्रतिसाद:
तापलेल्या डब्यावर गार सर आली की आतली हवा आकसते आणि मिळेल त्या फटीतून पाणी ओढते. खाली भोक असलं तर हवा तिथून येते, घामही तिथूनच गळतो. फक्त जाळी लावा, आमच्याकडे मुंग्यांनी आत संसार थाटला होता.