मदत हवी आहे: चौघांनी मिळून एकच मजकूर कसा सांभाळायचा?

आम्ही चौघं चार ठिकाणी बसून एका हस्तपुस्तिकेचं संपादन करतोय. आतापर्यंत फाइल मेलवर फिरायची. परिणाम: फोल्डरमध्ये 'अंतिम', 'अंतिम २' आणि 'हीच अंतिम' अशा तिन्ही सुखाने नांदतायत! परवा मी दोन तास शुद्धलेखन तपासलं ते नेमकं जुन्या प्रतीत.

म्हणून गूगल डॉक्सवर आलो. व्हर्जन हिस्टरीत जुना मजकूर सापडतो, सजेशन मोडमध्ये कोणी काय बदललं तेही दिसतं. पण आमच्यातल्या एकाचं नेट सारखं जातं. ऑफलाइनची सोय आधीच चालू करून ठेवावी लागते, हे त्याला नेट गेल्यावर कळलं. शिवाय एकाला गूगल खातंच नकोय.

इथरपॅड हे ब्राउझरमध्ये एकत्र लिहिण्याचं साधनही पाहिलं. प्रत्येकाचा मजकूर वेगळ्या रंगात दिसतो, खातं लागत नाही. पण तक्ते आणि तळटीपांचं काय? क्रिप्टपॅड हे असंच दुसरं साधन कोणी रोज वापरतं का? मोठ्या देवनागरी मजकुराला ते अडखळत नाही ना?

आणखी एक. चर्चा व्हॉट्सअ‍ॅपवर होते, मग निर्णय वाहून जातात. ते तुम्ही कुठे नोंदवता? नुसती अ‍ॅपची नावं नकोत, तुमची रोजची पद्धत सांगा.