पोट आधी की भीती आधी?

तिसरा_मजला:
मुलगा अकरा वर्षांचा, ऑटिस्टिक. स्नेहसंमेलनाची तालीम सुरू झाली की चार-चार दिवस पोट साफ होत नाही, मग रात्री कानांवर हात दाबून जिन्यात बसतो. सगळे सांगतात, आधी वागणुकीवर काम करा. मी म्हणतो, आधी पोट बघा. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या गटाने २०१७ मध्ये १२० ऑटिस्टिक जणांना तपासलं. ताण दिल्यावर ज्यांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, जास्त चढलं, त्यांच्या पोटाच्या तक्रारीही जास्त, त्यातही बद्धकोष्ठता. जपानमध्ये २००४ साली जंतूविरहित वाढवलेले उंदीर कोंडले, तर त्यांची ताणाची संप्रेरकं साध्या उंदरांपेक्षा जास्त उसळली. लहानपणीच बिफिडोबॅक्टेरियम, म्हणजे आतड्यातला एक जीवाणू, दिलेल्यांची नाही उसळली. मग सुरुवात जीवाणूंपासून का नको?

ताकपुराण:
साफ असहमत. ताणामुळे आतडं बिघडलं की आतड्यामुळे ताण वाढला, हे मिसुरीच्या आकड्यांतून कळतच नाही. ऑस्ट्रेलियातला २०२१ चा अभ्यास बघा, २४७ मुलं. ऑटिझमचा आणि जीवाणूंचा थेट संबंध जेमतेम सापडला. ही मुलं मोजकंच खातात, म्हणून जीवाणूंची विविधता घटते, असा त्यांचा निष्कर्ष. माझी भाची पांढरा भात, बटाट्याचे काप आणि एकाच कंपनीची बिस्किटं खाते. बिस्किट तुटकं निघालं तर तेही नाही. तिच्या आतड्यात कसली विविधता नांदणार?

तिसरा_मजला:
आणि अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाचं २०२२ चं काम? आतड्यातल्या जीवाणूंपासून बनणारं एक रसायन मेंदूत पोचलं आणि उंदीर भित्रे झाले.

ताकपुराण:
उंदीर झाले. माणसांवरचं बोला. ॲरिझोनातला २०१७ चा जीवाणू-रोपणाचा, म्हणजे निरोगी माणसाच्या आतड्यातले जीवाणू मुलांना देण्याचा, प्रयोग सगळे नाचवतात. मुलं १८, तुलनेला उपचार न दिलेला ऑटिस्टिक गट नाही, काय दिलंय ते आईबापांना माहीत. एवढ्यावर लोक जीवाणूंच्या पावडरीचे डबे विकतायत.

कडीकोयंडा:
मी स्वतः ऑटिस्टिक, वय ३४. शाळेच्या संडासाला कडी नव्हती. आत फिनेलचा भपका, बाहेरून कुणीतरी दारावर लाथ मारणार. दहा वर्षं घरी येईपर्यंत दाबून धरलं. दाबलं की खडा होतो, खडा झाला की दुखतं, दुखलं की पुढच्या वेळी आणखी दाबतो. यात जीवाणूंची गरजच पडली नाही. आणि पोट दुखतंय हे मला पोट दुखतंय असं कळायचंच नाही, नुसतं सगळं असह्य व्हायचं. घरचे म्हणायचे, बिथरला.

ताकपुराण:
हेच म्हणतोय मी.

कडीकोयंडा:
नाही, तुम्ही हे म्हणत नव्हता. तुम्ही पोट बाजूलाच ठेवलंत. माझी बद्धकोष्ठता चोविसाव्या वर्षी एका डॉक्टरांनी नीट हाताळली. भीती गेली नाही, पण रात्रीची झोप आली.

तिसरा_मजला:
कडीचं कधी विचारलंच नाही त्याला. उद्या शाळेत जाऊन बघतो. जीवाणूंबद्दलचं मत मात्र अजून सोडलेलं नाही.

ताकपुराण:
नका सोडू. डबा तेवढा घेऊ नका.