मदत हवी आहे: स्टुडंटसाठी पहिलं क्रेडिट कार्ड, प्रवासाला उपयोगी पडेल असं

पुण्यात एमएस्सी करतेय, वय 22, पगार नाही आणि सिबिल स्कोअरच (आधीच्या कर्जफेडीवरून मिळणारा गुणांक) नाही त्यामुळे जिथे सेव्हिंग खातं आहे त्या बँकेने साध्या कार्डाचा अर्ज नाकारला. बाबांच्या कार्डावर ॲड-ऑन (त्यांच्याच खात्याला जोडलेलं जादा कार्ड) नकोय, मला स्वतःची क्रेडिट हिस्ट्री बनवायचीय. म्हणून एफडी तारण ठेवून मिळणारं कार्ड घेणार, 30 हजारांपर्यंत एफडी जमेल, बिल दर महिन्याला पूर्ण भरणार.

खर्च म्हणजे पुणे-नागपूर रेल्वे, कधीतरी विमान आणि ऑक्टोबरपासून एक सेमिस्टर जर्मनीला. खरी अडचण तिथेच आहे, बऱ्याच कार्डांवर फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते ती जादा फी) 3.5 टक्के, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 4.13 टक्के गेले आणि पॉइंट्स मिळणार जेमतेम 1 टक्क्याचे, मग रिवॉर्डचा उपयोग काय? रुपे कार्ड युपीआयला जोडता येतं ते आवडलं पण युरोपसाठी व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचंच कार्ड हवं. एअरपोर्ट लाउंजची सोय नको, वार्षिक फी 500 च्या आत.

तर एफडीवालं, कमी मार्कअपचं कार्ड सध्या कोणी परदेशात वापरतंय का, कोणतं? आणि नोकरी लागल्यावर तेच कार्ड चालू ठेवून एफडी सोडवता येते की नवीनच घ्यावं लागतं?