मदत हवी आहे: स्ट्रेन गेजचं रीडिंग जागेवर राहत नाही

शेवटचं_सेम
फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे. कॅन्टिलिव्हर (एकाच टोकाला पक्की धरलेली) पट्टीवर स्ट्रेन, म्हणजे लांबीतला प्रमाणशीर बदल, मोजायचाय; पट्टीवर चिकटवलेला गेज ताणला की त्याचा रेझिस्टन्स बदलतो. सगळं जोडलंय, कोड चालतोय, पण वजन न टांगताही रीडिंग सरकत राहतं. हात जवळ नेला तरी हलतं. कोड तीनदा तपासला. परवा गाइडना दाखवायचंय, लवकर सांगा.

पाना_बारा
‘सगळं’ म्हणजे काय काय? गेज किती ओमचा, एक की जास्त? पट्टी कशाची, मापं काय? अ‍ॅम्प्लिफायर कुठला? आणि सरकतं म्हणजे किती?

शेवटचं_सेम
गेज १२० ओम, एकच. अ‍ॅल्युमिनियम, २५ बाय ३ मिमी. एचएक्स७११ आणि आर्डुइनो. दहा मिनिटांत ३००-४०० मायक्रोस्ट्रेन (स्ट्रेनचे दशलक्षांश). कोडमध्ये फिल्टर टाकू का?

वक्ररेषा
फिल्टरने गोंगाट जातो, सरकणं नाही. वायर बघा. दोनच वायरी असणार तुमच्या. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो आणि तो थेट गेजच्या रेझिस्टन्समध्ये मिळतो. तीन वायरींची जोडणी करा, विषय संपला.

पाना_बारा
आकडे मांडून बघा हो. मीटरभर वायर, जाऊन-येऊन ०.२ ओम धरा. एका अंशाला ०.०००७८ ओम, म्हणजे १२० ओमवर ६.५ पीपीएम (दशलक्षात ६.५ भाग). गेज फॅक्टर (स्ट्रेनच्या किती पट रेझिस्टन्स बदलतो) २ धरला तर जेमतेम ३ मायक्रोस्ट्रेन. त्याने ४०० होत नाहीत. ब्रिजच्या (चार रेझिस्टन्सच्या चौकोनाच्या) उरलेल्या तीन बाजूंना काय लावलंय ते सांगितलंच नाही.

शेवटचं_सेम
साधे रेझिस्टर, १२० ओमचे. ब्रेडबोर्डवर. सोनेरी पट्टावाले.

पाना_बारा
सापडला चोर. सोनेरी पट्टा म्हणजे ५ टक्क्यांचे, बहुधा कार्बन फिल्म. त्यांचा रेझिस्टन्स अंशाला काही शे पीपीएम बदलतो. ३०० धरले तरी एकच रेझिस्टर एका अंशाने तापला की १५० मायक्रोस्ट्रेन. हात जवळ नेल्यावर हलतं ते म्हणूनच. वर ब्रेडबोर्ड! त्याच्या स्प्रिंगचा संपर्क ०.०१ ओमने बदलला तरी ४२ मायक्रोस्ट्रेन. गेजपासून २५० मिमीवर १ किलो टांगलं तर तुमच्या पट्टीवर येणार ९३४ च्या आसपास. निम्मं मोजमाप रेझिस्टरच खातायत.

जाळी_बारीक
एवढा खटाटोप कशाला? अ‍ॅन्सिसमध्ये (सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर) पट्टी काढा, मेश (गणिताची जाळी) बारीक करा, दहा मिनिटांत स्ट्रेन मिळेल.

वक्ररेषा
आणि तो बरोबर आहे हे कशावरून ठरवायचं? त्यासाठीच तर हा प्रयोग.

तयार_माल
बाजारात तयार लोड सेल (वजन मोजणारा सेन्सर) मिळतो. आत चार गेज, पूर्ण ब्रिज, तापमानाची भरपाई केलेली. एचएक्स७११ त्याच्यासाठीच बनलाय.

पाना_बारा
त्यांना वजन नाही, पट्टीतला स्ट्रेन मोजायचाय. @शेवटचं_सेम, त्याच पाकिटातला दुसरा गेज पट्टीच्या खालच्या बाजूला, बरोबर वरच्याच्या खाली लावा आणि ब्रिजमध्ये दोन्ही लगतच्या बाजूंना घ्या. तापमान दोघांना सारखं, ते वजा होतं. ताण एकाला आणि दाब दुसऱ्याला, त्यांची बेरीज होते. उरलेल्या दोन बाजूंना मेटल फिल्मचे १ किलोओमचे रेझिस्टर. १२० च हवेत असं नाही, तिथे फक्त गुणोत्तर लागतं. दहा-बारांतून मल्टिमीटरने तंतोतंत जुळणारी जोडी निवडा, नाहीतर शून्यावरच एवढा ऑफसेट येईल की रीडिंग एचएक्स७११ च्या कमाल आकड्यावर, ८३८८६०७ वर, अडकेल. दोन्ही अंगाला अंग लावून सोल्डर करा. ब्रेडबोर्ड अजिबात नको.

वक्ररेषा
पाकिटावर ११ लिहिलंय की २३?

शेवटचं_सेम
११. त्याने काय होतं?

वक्ररेषा
तो गेज पोलादाच्या तापून प्रसरण पावण्याशी जुळवलेला आहे, २३ असता तर अ‍ॅल्युमिनियमच्या. अ‍ॅल्युमिनियमवर अंशाला साधारण १२ मायक्रोस्ट्रेन खोटा दिसणार. दोन गेजच्या जोडणीत तोही वजा होईल, त्यामुळे आता बदलू नका. पण चालू केल्यावर दहा मिनिटं थांबा. ४.३ व्होल्ट एक्सायटेशनवर (ब्रिजला दिलेला व्होल्टेज) १२० ओमच्या गेजमध्ये ३८ मिलिवॅट जिरतात, तो स्वतःच तापतो. ३५० ओमचा असता तर १३. विकत घेतानाच विचारायला हवं होतं.

कंपन_कट्टा
एक महत्त्वाचं राहिलं. एचएक्स७११ च्या मॉड्यूलवर रेट पिन (रीडिंगचा वेग ठरवणारी) सहसा ग्राउंडला असते, सेकंदाला १० च रीडिंग. ३०० मिमी लांबी धरली तर तुमच्या पट्टीची पहिली नैसर्गिक वारंवारता २७ हर्ट्झच्या आसपास. ती १० मध्ये पकडता येणार नाही. पिन उचलून हाय करा, ८० मिळतील.

शेवटचं_सेम
मला कंपनं मोजायची नाहीत. वजन टांगायचं, आकडा लिहायचा.

कंपन_कट्टा
आज नाही. परीक्षक विचारतील तेव्हा आठवेल.

शेवटचं_सेम
खालचा गेज चिकटवताना काय सांभाळू? वरचा एका कडेने सुटल्यासारखा दिसतोय.

पाना_बारा
मग तोही काढा, नवा लावा. सुटलेला गेज कुठल्याही ब्रिजमध्ये खोटंच बोलतो. जागा ३२० च्या, मग ४०० च्या पेपरने घासा. आरसा करू नका, गोंदाला पकड हवी. अ‍ॅसिटोनने एकाच दिशेने पुसा, प्रत्येक वेळी नवा कापूस, तो काळा निघायचा थांबेपर्यंत. मग त्या जागेला बोट लावायचं नाही. गेज सेलोटेपवर उचला, खुणेवर बसवा, टेप अर्धी मागे दुमडा, सायनोअ‍ॅक्रिलेटचा एकच थेंब, टेप परत खाली, अंगठ्याने मिनिटभर दाबा. टेप काढताना वर ओढू नका, स्वतःवरच दुमडत मागे सोला. शेवटी गेजची तार आणि पट्टी यांत मल्टिमीटर लावा, २० मेगाओमच्या रेंजवर काहीही दिसता कामा नये. दिसलं तर फ्लक्स राहिलाय किंवा तार पट्टीला टेकलीय.

तयार_माल
एवढ्या वेळात लोड सेल येऊन बसला असता.

शेवटचं_सेम
दोन्ही नवे लावले, सोल्डर केलं. आता अर्ध्या तासात ८ मायक्रोस्ट्रेन. पण १ किलोला १८५० दाखवतंय, ९३४ नाही. परत काहीतरी बिघडलं?

पाना_बारा
सूत्रात अजून चाराने गुणताय. तो एका गेजचा ब्रिज होता. आता दोन आहेत, दोनाने गुणा. ९२५ येईल.