मॅव्हरिक म्हणजे 'बंडखोर' का? आणि रँचवरचे इतर काही शब्द

परवा एका मराठी लेखात एका अमेरिकन पुढाऱ्याबद्दल 'मॅव्हरिक म्हणजे बंडखोर नेता' असं वाचलं आणि तिथंच अडकले. आम्ही सध्या टेक्सासात आहोत, ह्यांची नोकरी सॅन अँटोनियोत पण घर बरंच बाहेर, आणि आमच्या कुंपणाला लागूनच एका आजोबांचं रँच (गुरं पाळायचं मोठं रान) आहे, म्हणून त्यांनाच विचारलं की तुम्ही हा शब्द कसा वापरता. ते म्हणाले, डाग (तापल्या लोखंडाने उठवलेली मालकाची खूण) न दिलेलं वासरू. बस. बंडबिंड काही नाही, वासरू कसलं बंड करतंय, त्याच्या अंगावर कोणाची खूण नाही आणि आईही जवळ नाही, त्यामुळे ते कोणाचं ते कळत नाही एवढंच.

शब्द आलाय सॅम्युएल मॅव्हरिक नावाच्या वकिलावरून. १८३६ मध्ये टेक्सासच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी हा एक. याला नाद जमिनीचा, गुरांचा नाही. कोणाच्या तरी उधारीपोटी गुरं पदरात पडली ती याने तशीच सोडून दिली, डागलीच नाहीत. मग कुठंही बिनखुणेचं जनावर दिसलं की लोक म्हणायचे हे मॅव्हरिकचं. (याच्याच नातवाने, मॉरी मॅव्हरिकने, १९४४ मध्ये सरकारी अगम्य भाषेला टर्कीच्या आवाजावरून 'गॉबलडीगूक' हे नाव दिलं. एकाच घराने डिक्शनरीला दोन शब्द दिले!)

तर मॅव्हरिकला मराठीत नेमकं काय म्हणावं? मोकाट?

*

मोकाट नको ताई. मोकाट जनावराला मालक असतो, तो बांधत नाही एवढंच, आणि ते दुसऱ्याच्या ज्वारीत घुसलं की कोंडवाड्यात जातं आणि मग तोच मालक दंड भरून सोडवून आणतो. मोकाट म्हणताना आपण मालकाला पण शिवी देत असतो. 'बेवारस' जवळचा आहे पण त्याला मढ्याचा वास येतो.

*

मला 'पोळ' आठवला. जुन्या काळी देवाच्या नावाने वळू सोडायचे (वृषोत्सर्ग), त्याला त्रिशूळ-चक्राची खूण डागायचे आणि मग तो गावभर कुठंही चरायचा, कोणी हाकलायचं नाही. आमची आजी रिकामटेकड्या माणसाला म्हणायची, पोळासारखा हिंडतोय मेला. पण गंमत बघा, हे मॅव्हरिकच्या बरोब्बर उलटं आहे. तिकडे डाग नाही म्हणून जनावर कोणाचंच नाही, आणि आपल्याकडे डाग आहे म्हणूनच ते मोकळं. त्यामुळे दिसायला सारखे असले तरी शब्द चालणार नाही. आपल्या राजकारणात तर पोळच जास्त, खूण असलेले, कोणाच्याही शेतात चरणारे.

*

रँचवरच्या बऱ्याच शब्दांच्या मुळाशी स्पॅनिश आहे कारण गुरं राखायची ती पद्धतच मेक्सिकोकडून वर आली. रँच हे रांचो, लॅसो म्हणजे लाझो (फास), लॅरिएट म्हणजे ला रेआता (दोर), रोडिओ हे रोदेआर म्हणजे वेढून गोळा करणे, आणि बकारू (गुराखी) हा तर 'वाकेरो'चा अपभ्रंश, वाका म्हणजे गाय. 'कॅटल' मात्र तिकडचा नाही, तो जुन्या फ्रेंचमधून आलाय, मूळ अर्थ मालमत्ता, आणि कॅपिटल त्याचाच भाऊ. म्हणजे आपलं पशुधन, गोधन तेच झालं. पण आपण एक पायरी पुढं गेलोय, गोष्ठ म्हणजे गोठा, तिथं जमून बसले ती गोष्ठी, आणि त्यातून आपली गोष्ट. गुरांपासून त्यांनी पैसा काढला, आपण गप्पा.

*

वा, हे गोष्टीचं माहीतच नव्हतं. आजोबांकडून अजून थोडं. कोणाची गुरं किती हे तिथं विचारायचं नसतं, म्हणजे सरळ बँकेत किती आहेत विचारल्यासारखं होतं. मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, ते म्हणाले 'आहेत कुंपणाच्या दोन्ही बाजूंना' आणि कॉफी ओतायला लागले. फाटक उघडं दिसलं तर उघडं ठेवायचं, बंद असेल तर परत बंद करायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. आणि खुणा वाचायची पण एक भाषा आहे, आडवं पडलेलं अक्षर म्हणजे 'लेझी', खाली झोक्यासारखी कमान असली की 'रॉकिंग', पंख असले की 'फ्लाइंग'. म्हणजे आडवा एस हा 'आळशी एस'!

म्हण पण एक सांगते, 'ऑल हॅट, नो कॅटल'. डोक्यावर मोठी हॅट, गोठ्यात शेपूट नाही.

*

खिशात नाही आणा अन् मला बाजीराव म्हणा.

*

बडा घर पोकळ वासा पण चालेल पण बाजीरावच बेस्ट, कारण त्यात मिरवणं आहे.

*

आमच्या सांगलीकडची एक जोड देतो. त्या आजोबांकडे वशिंडवाली, कानं लोंबणारी राखाडी गुरं असतील तर ती 'ब्राह्मन' असणार. अमेरिकेत ही जात आपल्या भारतातल्या गुरांपासून तयार केलीय, कांकरेज, ओंगोल, गीर आणि चक्क आपली कृष्णाकाठची. ऊन आणि गोचीड सोसतात म्हणून टेक्सासच्या गरमीत टिकली, त्यांच्या पैदासकारांची संघटना १९२४ पासून आहे. पुढं टेक्सासातल्याच किंग रँचवर यांचा शॉर्टहॉर्न या विलायती जातीशी संकर करून सांता गर्ट्रुडिस ही नवी जात काढली. इकडे आता कृष्णाकाठची जात शोधावी लागते, खिल्लार तरी दिसतात.

*

आहेत, आहेत! आणि आजोबा त्यांना 'ब्रेमर' म्हणतात, मला दोन महिने कळलंच नव्हतं की हा ब्राह्मण आहे.

मॅव्हरिकचं काल त्यांना परत सांगितलं, पोळाची गोष्ट पण सांगितली. त्यांचा पहिला प्रश्न, मग त्याला चारतं कोण? म्हटलं, सगळं गाव. ते म्हणाले, म्हणजे फुकट चारा आणि वर पुण्य पण त्यालाच.

भाषांतरात मी सध्या 'कोणाच्या दावणीला नसलेला' असं लिहितेय. आधी 'डाग नसलेला पुढारी' लिहिलं होतं पण ह्यांनी वाचून विचारलं, एवढा स्वच्छ माणूस सापडला कुठं तुला?