पीएस३ : अपडेट होत असताना लाइट गेली, आता मेनूच येत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरात प्लेस्टेशन ३ चा स्लिम आहे. काही वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका दुकानातून सेकंडहँड घेतला, तेव्हाच तो मॉडिफाय केलेला होता. दुकानदार म्हणाला होता, "फुल जेलब्रेक आहे साहेब, सीएफडब्ल्यू मारलंय, बिनधास्त वापरा." (सीएफडब्ल्यू म्हणजे कस्टम फर्मवेअर, सोनीच्या सिस्टिम सॉफ्टवेअरची बदललेली आवृत्ती.) मीही बिनधास्त वापरला. माझ्याकडच्या डिस्का, एक-दोन होमब्रू एम्युलेटर (हौशी लोकांनी बनवलेले, जुन्या मशीनचे गेम चालवणारे प्रोग्रॅम) आणि पेनड्राइव्हवरचे व्हिडिओ, एवढंच त्यावर चालायचं.

सुट्टीत भाचा आला होता. त्याने वायफाय जोडलं, अपडेट आल्याचा मेसेज दिसला, त्याने ओके दाबलं. मी घरी नव्हतो. इन्स्टॉल अर्ध्यावर असताना लाइट गेली. आमच्याकडे इन्व्हर्टरवर फक्त दिवे आणि पंखे आहेत.

आता चालू केला की हिरवा दिवा लागतो, पंखा फिरतो, पण नेहमीचा मेनू येत नाही. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत 'कंट्रोलर यूएसबीने जोडा आणि पीएस बटण दाबा' असं येतं. दाबलं की पुढची पाटी: ४.९२ किंवा त्यापुढच्या आवृत्तीचा अपडेट डेटा असलेलं स्टोरेज जोडा आणि स्टार्ट-सिलेक्ट एकदम दाबा.

आतापर्यंत हे करून पाहिलं:

सोनीच्या साइटवरून ४.९२ ची फाइल घेतली आणि नव्या ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाकली. मशीनला ती दिसतच नाही, तीच पाटी परत येते. मग दुकानदाराने तेव्हा दिलेला जुना पेनड्राइव्ह लावला. त्यात ४.९० आहे. तो वाचतो, पण घेत नाही.

मॉडेल नंबर विचाराल म्हणून आधीच सांगतो. मागचा स्टिकर घासला गेलाय. सीईसीएच वाचता येतं, पुढचा आकडा २५ आहे की ३०, ते भिंगातूनही कळत नाही. अजून एक, उपयोगी असेल तर: पूर्वी मशीन सुरू केल्यावर दर वेळी मेनूतला एक आयकॉन आधी दाबायला लागायचा, कोपऱ्यात काहीतरी अक्षरं यायची आणि मगच एम्युलेटर चालायचा. विसरलो तर ८००१००१७ असा एरर यायचा.

गावातल्या रिपेअरवाल्याने उघडूनही न बघता सांगितलं की फ्लॅश चिप (सिस्टिम साठवणारी चिप) गेली, ३५०० रुपये होतील. आत क्रिकेटचं मोठं करिअर सेव्ह आहे, भाचा आणि मी मिळून खेळलेलं. ते जाऊ नये अशी फार इच्छा आहे. चिप खरंच गेली असेल का?

खेळगडी : सेफ मोडमध्ये (मशीनच्या दुरुस्तीच्या मेनूत) जा आणि पाचवा पर्याय घ्या, 'रिस्टोर पीएस३ सिस्टिम'. माझा असाच अडकला होता, पंधरा मिनिटांत नव्यासारखा झाला.

सोल्डरवाला : थांबा थांबा, पाचव्याला हात लावू नका! त्याने हार्ड डिस्क फॉरमॅट होते. खेळगडींचा मशीन नव्यासारखा झाला तो त्यामुळेच. तुम्हाला सहावा हवाय, 'सिस्टिम अपडेट'. त्यात सेव्ह आणि गेम जागेवर राहतात. तुमच्या स्क्रीनवर आलेली पाटी ही त्याच कामाची आहे, म्हणून सेफ मोडमध्ये जायचीही गरज पडणार नाही बहुतेक.

चिप गेलेली नाही. चिप गेलेला मशीन तुम्हाला कंट्रोलर जोडायला सांगत बसत नाही. स्लिममध्ये १६ एमबीची नॉर फ्लॅश चिप असते आणि सिस्टिमचा गाभा तिच्यात दोन प्रतींमध्ये ठेवलेला असतो. एक प्रत अर्धवट लिहिली गेली तरी दुसरीवरून मशीन निदान रिकव्हरीपर्यंत पोहोचतो. मेनू, फाँट, ब्राउझर वगैरे बाकीचा पसारा या मॉडेलांत हार्ड डिस्कच्याच एका भागात असतो. तुमचं लिहिणं तिथे अडकलंय. रिपेअरवाल्याला ३५०० देऊ नका, निदान आज तरी नको.

आता पेनड्राइव्हचं. ६४ जीबीचा नवा पेनड्राइव्ह सहसा एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये येतो आणि पीएस३ ला फक्त फॅट३२ कळतं. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये ३२ जीबीच्या वर फॅट३२ बहुधा मिळत नाही, त्यामुळे घरात ४ किंवा ८ जीबीचा एखादा जुना पडलेला असेल तर तो काढा. त्यात पीएस३ नावाचा फोल्डर, त्याच्या आत अपडेट नावाचा फोल्डर, आणि त्यात फाइल. तिन्ही नावं इंग्रजी कॅपिटलमध्ये. फाइल दुसऱ्यांदा डाउनलोड झाली असेल तर विंडोज नावापुढे कंसात १ लावतं, तोही काढा. निम्मी माणसं त्या कंसातल्या १ पायी मदरबोर्ड बदलायला निघतात.

४.९० का घेत नाही? मागची आवृत्ती पुढच्यावर टाकू देत नाहीत, एवढं साधं आहे. एकदा ४.९२ सुरू झालं की खालचं सगळं बंद.

आणि सोनीची मूळ ४.९२ टाकू नका. ४.९२ चीच एचएफडब्ल्यू, म्हणजे हायब्रिड फर्मवेअर टाका. ती सोनीच्याच सहीच्या फाइलींची बनवलेली असते, फक्त ब्राउझरचा भाग जुन्या आवृत्तीतला घातलेला असतो. मशीन ती मुकाट्याने घेतो. मूळ टाकली तरी मशीन सुरू होईल, पण मॉडसाठी पुन्हा एचएफडब्ल्यू टाकावीच लागेल.

धागाकर्ता : वा, जिवात जीव आला. पण २५ असेल तर वेगळी फाइल आणि ३० असेल तर वेगळी, असं आहे का? आणि दुकानदार सीएफडब्ल्यू म्हणाला होता.

सोल्डरवाला : एचएफडब्ल्यू दोन्हींना एकच, ती निर्धास्त टाका. स्टिकरचा प्रश्न नंतर येतो, आणि त्याचं अर्धं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. सीएफडब्ल्यू असता तर दर वेळी आयकॉन दाबायला लागलाच नसता. ते कायमचं असतं, मशीन उठतो तोच मोकळा. आयकॉन दाबून रोज उठवावं लागतं ते हेन, म्हणजे बंद करेपर्यंतच टिकणारा मॉड. दुकानदाराने तुम्हाला हेन टाकून दिलं आणि सीएफडब्ल्यू म्हणून विकलं. फसवलं म्हणणार नाही, कदाचित त्यालाच फरक माहीत नसेल. माहीत असलेला दुकानदार मला अजून भेटायचाय.

निनावी : सोनी २००६ च्या मशीनला अजून अपडेट का देते? मुद्दाम मॉड मोडायला?

सोल्डरवाला : तेवढं महत्त्व आपल्याला नाही हो. ब्लू-रे सिनेमांच्या एन्क्रिप्शनची किल्ली ठरावीक काळाने बदलते. नवी किल्ली नसेल तर नव्या डिस्का चालत नाहीत. २०२४ चं ४.९१ आणि २०२५ चं ४.९२ मुख्यतः त्यासाठी. मॉड जातो तो सोबत जातो, कारण अपडेट सगळा सिस्टिमचा भाग नव्याने लिहितं. मॉड मोडायला काढलेली अपडेटं बघायची तर २०१० मध्ये जा. १ एप्रिलला ३.२१ आलं आणि लिनक्स टाकायची सोय काढून घेतली. त्याच डिसेंबरात फेलओव्हरफ्लो या हॅकर गटाने सोनीच्या फाइलींवर डिजिटल सही करण्यातली चूक जाहीर केली, जानेवारी २०११ मध्ये जिओहॉट या हॅकरने मुख्य किल्लीच जाहीर करून टाकली आणि सोनीला घाईने ३.५६ आणावं लागलं. आजही सीएफडब्ल्यूची सीमारेषा त्याच आकड्यावर आहे.

धागाकर्ता : झालं!! शेजाऱ्यांकडून ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणला, लग्नाचे फोटो होते त्यात, ते आधी लॅपटॉपवर घेतले. स्टार्ट-सिलेक्ट दाबल्यावर पट्टी सरकायला लागली. मध्ये एका ठिकाणी इतका वेळ थांबली की घरात कोणी बोलेना. मग एकदम पीएस३ ची नेहमीची लाट स्क्रीनवर आली आणि मेनू. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ४.९२ दिसतंय. सेव्ह जागेवर आहेत. एम्युलेटरचा आयकॉनही आहे, पण उघडला की तोच ८००१००१७. हेनचा आयकॉन मात्र गायब.

खेळगडी : अभिनंदन! आता २५ असेल तर सरळ फ्लॅश पॅच करून खरं सीएफडब्ल्यूच टाका ना, रोजची कटकट संपेल.

सोल्डरवाला : 'असेल तर' वर फ्लॅश लिहायची नसते. सगळे फॅट (म्हणजे सुरुवातीचे जाड पीएस३), २००० आणि २१०० चे स्लिम चालतात. २५०० चे बहुतेक चालतात. ३००० चे स्लिम आणि सगळे सुपर स्लिम चालत नाहीत. चुकीच्या मशीनवर फ्लॅश लिहिली की मग मशीन उघडून चिपला प्रोग्रॅमर (चिप नव्याने लिहायचं यंत्र) लावायला लागतो, आणि तेव्हा तो रिपेअरवाला ३५०० ला स्वस्त वाटेल.

आधी मिनव्हर, म्हणजे मशीनला चालणारी सर्वांत जुनी आवृत्ती, तपासा. त्याची पण अपडेटसारखीच छोटी फाइल असते, त्याच फोल्डरात त्याच नावाने ठेवायची आणि मेनूतून स्टोरेज मीडियावरून अपडेट म्हणायचं. ती काहीही इन्स्टॉल करत नाही, मशीन जास्तीत जास्त किती खाली जाऊ शकतो तो आकडा फक्त दाखवते. ३.५६ किंवा खाली आला तर सीएफडब्ल्यू चालतं. वर आला तर हेन.

धागाकर्ता : ३.६० आला.

सोल्डरवाला : म्हणजे तुमचा बहुधा ३० वाला, नाहीतर न चालणाऱ्या थोड्या २५ पैकी. विषय संपला, हेनच टाका. २०१९ च्या आधी तुमच्या मशीनला तेही नशीब नव्हतं.

ब्राउझर उघडा, कुकी आणि कॅश साफ करा, होमपेज कोरं ठेवा, मशीन रिस्टार्ट करा. मग हेनच्या पानावर जाऊन ४.९२ साठीचं इन्स्टॉलर चालवा. पहिल्या फटक्यात होईलच असं नाही. ब्राउझरच्या मेमरीतल्या गफलतीवर सगळं अवलंबून असतं, ती कधी जमते कधी नाही. फ्रीझ झाला तर पॉवर बटण दाबून धरून बंद करा आणि पुन्हा. यात फ्लॅशला धोका नाही. फक्त वारंवार फ्रीझ झाल्यावर सेफ मोडमधून तिसरा पर्याय, फाइल सिस्टिम रिस्टोर, एकदा चालवून घ्या. त्यात सहसा सेव्ह जात नाहीत.

धागाकर्ता : दोनदा फ्रीझ झाला, मग आलं. आयकॉन परत दिसतोय, एम्युलेटर सुरू. सोल्डरवाले दादा, तुमचे उपकार. भाच्याला फोटो पाठवला. तो विचारतोय, पुढचं अपडेट आलं की काय करायचं.

सोल्डरवाला : भाच्याला सांगा, काही करायचं नाही. सेटिंगमधलं ऑटोमॅटिक अपडेट बंद करा आणि वायफायची जोडणी काढून टाका. पीएसएनवर (सोनीच्या ऑनलाइन सेवेवर) जायचं नसेल तर तुम्हाला नेटची गरजच नाही. पुढच्या आवृत्तीची एचएफडब्ल्यू आणि तिच्यासाठीचं हेन, दोन्ही आलेली असतील तेव्हाच वर जायचं, तेही पेनड्राइव्हने आणि यूपीएसवर.

आणि क्रिकेटचं करिअर आजच पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. सेव्ह डेटा युटिलिटीत जा, त्या सेव्हवर त्रिकोण दाबा, कॉपी. काही गेमच्या सेव्हना कॉपी-बंदी असते, तसं निघालं तर सिस्टिम सेटिंगमधल्या बॅकअप युटिलिटीने अख्ख्या डिस्कचा बॅकअप एखाद्या फॅट३२ हार्ड डिस्कवर घ्या. मात्र कॉपी-बंदीवाल्या सेव्ह त्या बॅकअपमधून फक्त ह्याच मशीनवर परत येतात, दुसऱ्या पीएस३ वर नाही. आतली डिस्क काढून दुसऱ्यात बसवण्याचाही उपयोग नाही, ती मशीनच्या स्वतःच्या किल्लीने बंद असते. शेजाऱ्यांचे फोटो मात्र परत टाकून द्या.