स्वतःशी जरा बऱ्या शब्दांत बोलायचं कसं? (अँक्झायटी, डिप्रेशन) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, लिहू की नको असं बरेच दिवस चाललंय, आज लिहूनच टाकते. लांबलं तर सांभाळून घ्या.

मला अँक्झायटी आणि डिप्रेशन दोन्ही आहे, साधारण अकरा वर्षं. अकरा वर्षं नुसती पडून होते असं नाही, मधे मधे चांगली असायचे, नोकरी केली, घर केलं, पण चारेक महिने बरे गेले की परत तेच, पहाटे चारला जाग, छातीत धडधड, आणि आपण काहीतरी चुकवलंय, काय ते आठवत नाहीये, पण चुकवलंय नक्की. सायकियाट्रिस्टची ट्रीटमेंट चालू आहे, गोळ्या चालू आहेत, थायरॉइड तपासून झालंय (ते कमी असलं तरी असंच उदास आणि गळून गेल्यासारखं होतं म्हणून डॉक्टरांनी आधी तेच करायला लावलं), आणि गेले आठ महिने थेरपी. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार सध्या नाहीत, पूर्वी एकदा आले होते तेव्हा नवऱ्याला आणि डॉक्टरांना त्याच दिवशी सांगितलं होतं. त्यामुळे डॉक्टरला दाखव हे सांगू नका, दाखवलंय. आणि पॉझिटिव्ह विचार कर हे तर प्लीज नकोच.

माझा प्रश्न वेगळा आहे. थेरपिस्टनी मला एक आठवडा सांगितलं होतं की काही चुकलं की तू मनात स्वतःला काय म्हणतेस ते जसंच्या तसं लिही. मी वही केली. तिसऱ्या दिवशी बंद केली, वाचवेना. मूर्ख कुठली. एवढं पण जमत नाही का. बघ, केलंस ना परत. लोक सहन करतात तुला, बाकी काही नाही. एक मेल गेला चुकीची फाइल जोडून, दोन मिनिटांत दुसरा पाठवला, समोरच्यानं ओके म्हटलं, विषय संपला. माझ्या वहीत संध्याकाळपर्यंत त्या एका मेलवरून चौदा वेळा बोलणी खाल्लेली आहेत. आणि सगळीकडे "तू". मी चुकले असं एकदाही नाही, तू चुकलीस, तू अशीच आहेस. आईवडिलांपैकी कोणाचा आवाज आहे का म्हणून खूप शोधलं, तर नाही, घरी कोणी असं बोलायचं नाही. माझाच आहे.

थेरपिस्ट म्हणाल्या की याला आपोआप येणारे विचार म्हणतात, अ‍ॅरन बेक नावाच्या डॉक्टरांच्या 1960 च्या दशकात लक्षात आलं की पेशंट तोंडानं एक बोलत असतात आणि आत स्वतःबद्दल दुसरंच काहीतरी चालू असतं, जे ते सांगतच नाहीत कारण त्यांना ते विचार वाटतच नाहीत, खरंच वाटतं. हे मला अगदी पटलं. मला पण ती माहिती वाटायची, शिवी नाही.

मग उपाय म्हणून मी स्वतःच काय काय केलं, आरशासमोर उभं राहून "मी पुरेशी आहे", "माझं माझ्यावर प्रेम आहे" वगैरे. इतकं खोटं वाटायचं! आणि आतून लगेच "हो का?" यायचं. उलट जास्त वाईट वाटायचं. महिनाभर केलं आणि सोडलं.

आता खरी गोष्ट. दोन महिन्यांपूर्वी मी एका जिन्यावरून शेवटच्या दोन पायऱ्या चुकून पडले. पडता पडताच आतला आवाज सुरू, डोळे फुटले होते का. आणि त्याच वेळी मागून येणाऱ्या एक वयस्कर बाई खाली वाकून म्हणाल्या, "अगं बाई, लागलं का? बस, बस जरा. उठायची घाई नको करू." दोन्ही वाक्यं मला एकदमच ऐकू आली, एक आतून आणि एक बाहेरून, आणि मी तिथे पायरीवर बसून रडायला लागले, गुडघ्यासाठी नाही. त्या बाईंनी मी किती छान आहे असं काही सांगितलं नाही. कोण चुकलं ते पण विचारलं नाही. लागलं का एवढंच आधी.

तेव्हापासून मी तेच शब्द वापरते. लागलं का. बस जरा. असू दे. होतं असं. हे खोटं वाटत नाही, कारण हे आपण खरंच बोलतो, पडलेल्या माणसाला कोणीही बोलतं. माझं माझ्यावर प्रेम आहे असं आपल्याकडे कोण कोणाला म्हणतं हो?

फरक पडलाय का, तर थोडा. पहाटेची जाग आहेच. पण आधी काय व्हायचं, धडधड सुरू झाली की धडधडतंय म्हणून स्वतःला रागवायचे, त्यानं अजून धडधडायचं, असं सातपर्यंत. आता पहिली धडधड येते पण तिच्यावरची बोलणी कमी झालीत, काही दिवस अर्ध्या तासात शांत होते. अकरा वर्षांत ही गोष्ट पहिल्यांदा झालीये म्हणून ती हातची जाऊ नये असं फार वाटतं, म्हणून विचारतेय.

एक म्हणजे भीती वाटते की हा चाबूक टाकला तर मी काहीच करणार नाही, आळशी होईन. आजवर जे काही झालं ते स्वतःला हाणूनच झालंय असं वाटतं. दुसरं, कधी कधी स्वतःशी चांगलं बोलले की दुसऱ्या दिवशी जास्त रडू येतं, जुनं काय काय वर येतं, मी काही चुकीचं करतेय का? आणि तिसरं, एकदम जड दिवस असतात तेव्हा आत आवाजच नसतो, सगळं सुन्न, दिवसभर बसलेलीच असते, तेव्हा स्वतःला "बस जरा" काय म्हणू? आणि जरा बरं वाटतंय तर गोळी कमी करावी असं मनात येतंय, कोणी केलंय का?

प्रतिसाद

ताई, दुसऱ्या प्रश्नापुरतं लिहितो, मी यातून गेलोय. स्वतःवर दया करायला शिकवणारे ख्रिस्तोफर गर्मर आणि क्रिस्टिन नेफ याला बॅकड्राफ्ट म्हणतात, आग विझवणाऱ्यांचा शब्द आहे. बंद खोलीत आग हवेविना दबून असते, दार उघडलं की भसकन बाहेर येते. तसं बरीच वर्षं कोणी विचारलंच नाही आणि एकदम "लागलं का" विचारलं की सगळं येतं. चुकत नाहीये तुमचं, पण दार एकदम सताड उघडू नका. मला रडू फार व्हायला लागलं की मी बोलणं थांबवायचो आणि तळपाय जमिनीला कुठे कुठे टेकलेत तेवढंच बघायचो, पाच मिनिटं. आणि ते आरशासमोरचं तुमचं एकटीचं नाही, 2009 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी हेच बघितलं होतं, ज्यांचं स्वतःबद्दल मत आधीच वाईट आहे त्यांना मी प्रेम करण्यासारखी व्यक्ती आहे असं घोकायला लावलं तर त्यांना आणखी वाईट वाटलं.

प्रतिसाद

गोळी स्वतःहून कमी करू नकोस गं, हे आधी. मी केली होती, चौथ्या दिवशी चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखं, आणि दोन महिन्यांत परत पहिल्यासारखी. बरं वाटायला लागल्यावर पण डॉक्टर साधारण सहा महिने तरी चालू ठेवतात, आणि परत परत होणाऱ्यांना त्याहून जास्त, मग हळूहळू उतरवतात. विचार त्यांनाच.

चाबकाचं म्हणशील तर 2012 मध्ये बर्कलेच्या दोघी संशोधिकांनी एक प्रयोग केला होता, अवघड परीक्षेत कमी पडलेल्यांपैकी ज्यांना स्वतःकडे समजुतीनं बघायला सांगितलं ते पुढच्या परीक्षेसाठी बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ अभ्यासाला बसले. माझा स्वतःचा अनुभव पण तोच. मी ज्या कामांवरून स्वतःला सगळ्यात जास्त हाणायचे तीच कामं मी सगळ्यात जास्त टाळायचे, फाइल उघडली की बोलणी सुरू होणार हे माहीत असल्यावर कोण उघडेल. तू केलंस ते सगळं मार खाऊन केलंस हे खरं, पण माराने झालं हे कशावरून?

प्रतिसाद

जड दिवसांबद्दल. मी त्या दिवशी समजूत काढतच नाही स्वतःची, शब्द पोचतच नाहीत. फक्त "तू" च्या जागी "आपण" म्हणते. चल, आपण पाय खाली सोडू. आता आपण तोंड धुऊ. नाही धुतलं तर बरं, आपण पडून राहू. तू म्हटलं की कोणीतरी समोर उभं राहून बोट दाखवतंय असं वाटतं, आपण म्हटलं की बाजूला बसलंय. यापेक्षा जास्त काही नाही करत मी.

धागाकर्तीचं उत्तर

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, खरंच. गोळीला हात लावत नाही, पुढच्या व्हिजिटला विचारते. "माराने झालं हे कशावरून" हे वाक्य मी वहीत लिहून घेतलंय, त्याच वहीत, शिव्यांच्या खालच्या पानावर.

"आपण" चं आज पहाटेच करून बघितलं. चारला जाग आली, नेहमीसारखं सुरू व्हायच्या बेतात होतं, तेवढ्यात म्हटलं, आपण जागे आहोत. असू दे. आपण पडून राहू. धडधड होतीच. पण पावणेसहाला घड्याळ बघितलं तेव्हा लक्षात आलं की मधे झोप लागून गेली होती.

एकच अजून विचारायचंय, "आपण" चालू केल्यावर तुम्हाला पण सुरुवातीला असं फार एकटं वाटलं का? म्हणजे इतकी वर्षं बाजूला कोणी बसलंच नव्हतं असं? शुक्रवारी थेरपीत सांगणारच आहे, पण कोणाला झालं असेल तर लिहा.